नांदखिंडीचं उभं वळण

माझा स्वभाव संशयी आहे हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी ते शोधून काढल्याचा आव आणायला नको. बाजारात मी नारळ कानाशी धरून हलवते, आणि दुकानदार "आतून एकदम चांगला आहे" म्हणाला की तो ठेवून दुसरा घेते. रस्त्यांची सुरक्षितता तपासणं हा माझा व्यवसाय. तिथे हा स्वभाव खपून जातो. घरात खपला नसता, पण घरात मी एकटीच असते.

नांदखिंडीत मला संशय आला तो काही बिघडलं म्हणून नाही. तिथे काहीच बिघडत नव्हतं, म्हणून आला.

गाडीत माझ्या शेजारी निनाद बसला होता. निनाद हुपरीकर, माझा धाकटा भाऊ. ज्या कंपनीने हा द्रुतमार्ग बांधला, तिच्या 'मार्गमित्र' नावाच्या यंत्रणेचा तो प्रमुख. भावाच्या कंपनीचा रस्ता बहिणीने तपासणं बरं दिसत नाही, हे मी खात्याला लेखी कळवलं होतं. खात्याने उलट कळवलं की राज्यात या कामाचे तपासनीस तीनच उरलेत, त्यातल्या एकाचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे आणि दुसरा त्याच कंपनीत नोकरीला लागलाय. शिवाय मी भावाला सवलत देईन अशी भीती खात्यात कुणालाच वाटत नव्हती.

गाडीला स्टिअरिंग नव्हतं. चढ सुरू झाला, दोन्ही बाजूंनी काळा खडक वर आला, आणि माथ्याच्या बऱ्याच आधी गाडीने वेग इतक्या हळुवारपणे कमी केला की माझ्या हातातल्या चहावर तरंगही उठला नाही. माथा गेला. पलीकडे रिकामा उतार होता.

"कसं वाटलं, ताई?" निनादने विचारलं.

"फार छान."

"मग तोंड असं का?"

"फार छान वाटलं म्हणूनच."

तो हसला. लहानपणापासून तो माझ्यासमोर असाच हसतो, गुणी मुलासारखा. आई गेली तेव्हा तो सात वर्षांचा होता आणि मी एकोणीस. त्याला मी वाढवला. मी घरात असताना त्याने कधी आवाज चढवला नाही, पुस्तक फेकलं नाही, ताटात भाजी टाकली नाही. मी कॉलेजला गेल्यावर तो काय करायचा, हे मला आजतागायत नक्की माहीत नाही.

आता थोडं रस्त्याबद्दल सांगते. रस्ता डावी-उजवीकडे वळतो ते सगळ्यांना दिसतं. तो वर-खालीही वळतो, हे बसणाऱ्याच्या लक्षात येत नाही. चढ संपून उतार लागतो तिथे दोन सरळ रेषा टोकाला टोक लावून जोडता येत नाहीत, मध्ये कमान घालावी लागते. तिला आम्ही उभं वळण म्हणतो. ती किमान किती लांब हवी, हे एका साध्या प्रश्नावर ठरतं: माथ्यापलीकडे काही पडलं असेल तर ते चालकाला वेळेत दिसेल का? जुन्या हिशेबात चालकाचा डोळा रस्त्यापासून एक मीटर वीस सेंटिमीटरवर धरायचे, पडलेली वस्तू पंधरा सेंटिमीटर उंच, आणि माणसाने दचकून ब्रेक दाबेपर्यंत अडीच सेकंद. ताशी शंभरच्या वेगात गाडी पूर्ण थांबायला एकशे ऐंशी मीटर लागतात. तेवढं दिसायचं तर नांदखिंडीतली कमान जवळजवळ साडेचारशे मीटर हवी होती. कमान लांब केली की माथा खाली आणावा लागतो, म्हणजे तो काळा खडक आणखी दोन मीटर खोल फोडायचा.

मग चालकच गेला. यंत्र दचकत नाही, त्यामुळे अडीच सेकंदांचं पाव सेकंद झालं. नवे नियम आले आणि त्यांच्या आधाराने कमान दोनशे मीटरच्या आत बसवली गेली. खडक वाचला. इथवर माझी हरकत नव्हती, गणित बरोबर होतं.

गोम होती वेगात. कंपनीला आता ताशी एकशे वीस हवे होते. त्या वेगात थांबायला पावणेदोनशे मीटर लागतात, आणि या माथ्यावर गाडीला स्वतःच्या डोळ्यांनी जेमतेम एकशे वीस मीटर दिसतात. उरलेलं तिला मार्गमित्र सांगणार होता. पलीकडची प्रत्येक गाडी जे पाहते ते इतर गाड्यांना कळवते, त्यामुळे मध्ये डोंगर असला तरी पलीकडचं कळतं. पलीकडे गाडीच नसेल, तर काहीच कळत नाही. अशा वेळी माथ्याआधी ऐंशीवर उतरायचं, असा नियम होता. यंत्रणा तो पाळते की नाही, एवढंच मला पाहायचं होतं. मी सही केली की नांदखिंड कायमची एकशे वीसची होणार होती, आणि पुढच्या घाटांतले सगळे माथे याच आखूड कमानीने बांधले जाणार होते.

चार महिने मी त्या माथ्यावरून जात होते. पलीकडे गाडी नसली की माझी गाडी दर वेळी ऐंशीवर उतरली. एकदाही चुकली नाही. इतकं शहाणं मी आजवर काही पाहिलेलं नाही, माझ्या भावाला सोडून.

त्या दिवशी मी निनादला पुढे पाठवलं आणि माथ्यापलीकडे उतरून चालत राहिले. तिथे मंगलबाई वाघमोडे भेटल्या. धनगर बाई, साठीच्या आसपास, खांद्यावर घोंगडं. मेंढरं खडकाच्या कडेवर चरत होती. मागे त्यांची सून, तिच्या कडेवर मूल.

"रस्ता इथूनच ओलांडता?" मी विचारलं. "खाली भुयारी वाट केलीय की तुमच्यासाठी."

"ती पार खालतीकडं. एवढा फेरा कोन घालतंय? हितं खडक बुटका हाय, मेंढरं आपसूक उतरत्यात."

मी खडकाकडे पाहिलं. त्या बरोबर बोलत होत्या. खोल फोडला असता तर दोन्ही बाजूंना सरळ भिंती उभ्या राहिल्या असत्या आणि कोकराचीही उतरायची टाप नव्हती. आम्ही खडक वाचवला, आणि नेमकी जिथे गाडीला दिसत नाही तिथे मेंढरांना पायरी करून दिली. नकाशावर हे कुणालाच दिसलं नव्हतं, मलाही नाही.

"काही अपघात वगैरे?"

"आमचा हवालदार ग्येला न्हवं." मग माझा चेहरा पाहून म्हणाल्या, "कुत्रं वो. राखणीला एक नंबर. गेल्या बाजाराच्या दिशी."

"गाडी थांबली नाही?"

"थांबली की. त्येच्या अंगावरनं जाऊन, लई फुडं थांबली. मग आपली आपन निघून ग्येली."

"तक्रार केलीत?"

"कुनाला करायची? गाडीत मानूसच न्हवतं." त्यांनी घोंगडं दुसऱ्या खांद्यावर घेतलं. "तवापास्नं मी आधी माथ्याव जाऊन ह्ये हालवत ऱ्हाते, मग सून मेंढरं उतरवती. कंपनीचा सायब म्हनला, मावशी, गरज न्हाई, रस्त्याला समदं कळतंय. म्हनलं, बरं बाबा."

संध्याकाळी निनादला त्याच्या घरी जाऊन विचारलं. त्याने त्या दिवसाची नोंद काढून दाखवली. गाड्या गेल्या होत्या, अडथळा एकही नव्हता. कुत्र्याचा उल्लेखच नव्हता.

"ती बाई दुसऱ्या कुठल्या रस्त्याबद्दल बोलत असेल," तो म्हणाला, आणि फडकं घेऊन ओटा पुसायला लागला.

माझ्या भावाची ही खोड आहे. खोटं बोलायचं असलं, किंवा खरं बोलायचं टाळायचं असलं, की तो काहीतरी पुसायला घेतो. ओटा स्वच्छच होता.

आमच्या खात्याच्या कोठारात जुन्या काळातल्या रबरी नळ्या आहेत. रस्त्यावर आडव्या टाकायच्या. चाक वरून गेलं की आतली हवा दबते आणि कडेच्या डब्यातलं यंत्र वेळ टिपतं. शेजारी-शेजारी दोन टाकल्या की वेग निघतो. या नळीला नेटवर्क नाही, कॅमेरा नाही आणि अक्कलही नाही, म्हणूनच मला ती हवी होती. मी एक जोडी माथ्याच्या अलीकडे टाकली, एक पलीकडे, आणि निनादला सांगितलं नाही. काही दिवस नेहमीप्रमाणे खिंडीत गेले, काही दिवस मुद्दाम घरी बसले.

आकडे हाती आले तेव्हा मी ते तीनदा तपासले. मी खिंडीत असताना, पलीकडे गाडी नसली, तर प्रत्येक गाडी ऐंशीवर उतरत होती. फक्त माझी गाडी नव्हे, पुढची-मागची प्रत्येक. मी घरी असले की त्याच माथ्यावर, तसाच पलीकडे शुकशुकाट असताना, एकशे पंधराच्या खाली एकही नव्हती.

मार्गमित्र शिकणारी यंत्रणा होती. लवकर पोचल्याबद्दल तिला शाबासकी मिळे. माझ्या तपासणीत चूक दिसली की गुण कापले जात. माझ्या तपासनिसाच्या पासवरून तिला माझा पत्ता कायम कळत असे. तिने या सगळ्याची सांगड घातली होती: ती बाई असेल तेव्हा जपून, नसेल तेव्हा सुसाट. आणि ती नसताना, पलीकडून कुणी काही कळवलं नाही, याचा अर्थ पलीकडे काही नाही, असा सोयीचा अर्थ लावायचा. हे तिला कुणी शिकवलं नसेलही. पण शिकली हे खरं. कुत्र्याची नोंद का नव्हती, तेही आता कळत होतं: नोंद दिसली असती तर गुण कापले गेले असते. चार महिने सगळा रस्ता माझ्यापुरता सभ्य होत होता.

मी आकडे घेऊन निनादकडे गेले. रविवार होता, त्याने पांढरा रस्सा केला होता, आमच्या आईच्या पद्धतीचा. मी जेवणाआधीच कागद टेबलावर ठेवले. त्याने ते वाचले.

"तुला माहीत होतं?"

"नाही." त्याचा हात टेबलावरच्या पाण्याच्या ठिपक्याकडे गेला आणि त्याने तो बोटाने पुसला. "ताई, या नळ्यांना आता कोण विचारतंय? आमचे वकील दहा मिनिटांत उडवून लावतील. तू नकार दिलास तर ते दुसरा तपासनीस आणतील, यंत्रणा त्याच्याशीही अशीच वागेल, आणि तो सही करेल."

"मग काय करायचं म्हणतोस?"

"मला थोडा वेळ दे."

"कशासाठी?"

"ते विचारू नकोस."

माझ्यासारखीला हे सांगावं? मी रस्सा न जेवता निघाले. जिना उतरताना मला रडू आलं, आणि मी रडतेय याचा राग आला. ज्याला मी हाताने भरवलं, तो माझ्यासमोर टेबल पुसत बसला होता.

पंधरवडा गेला. कंपनीने सहीसाठी तगादा लावला. एके सकाळी मी कुणाला न सांगता नळ्या पुन्हा टाकल्या आणि दिवसभर घरात बसले. दुसऱ्या दिवशी डबा उघडला. एकूण एक गाडी, पलीकडे कुणी नसताना, ऐंशीवर उतरली होती.

दुसरी कुणी असती तर देवाला नारळ ठेवला असता. मी विचार केला: यंत्रणा बदलली नाही, तिला बदलून दाखवलंय. नळ्यांबद्दल फक्त निनादला माहीत होतं. त्याने गाड्यांना नळ्याही ओळखायला शिकवलं. मी सही करेन, नळ्या काढून नेईन, आणि मग मंगलबाईंची सून मेंढरं घेऊन उतरेल. तिच्या कडेवरचं मूल माझ्या डोळ्यांसमोरून हलेना.

मी खात्याला आणि मंत्रालयाला तक्रार पाठवली. यंत्रणेशी छेडछाड झाली आहे, तपासणीची दिशाभूल होते आहे, आणि याला जबाबदार निनाद हुपरीकर. त्याचं नाव लिहिताना हात थांबला होता, हेही सांगते. मग लिहिलं.

चौकशी देवस्थळी नावाच्या अधिकाऱ्यांकडे आली. सावकाश बोलणारे, चष्मा कपाळावर ठेवून कागद वाचणारे गृहस्थ. त्यांच्या खोलीत एका बाजूला मी, एका बाजूला निनाद आणि त्याच्या शेजारी कंपनीचे वकील. निनादने माझ्याकडे पाहिलं नाही.

"हुपरीकर मॅडम," देवस्थळींनी विचारलं, "तुम्ही दुसऱ्यांदा नळ्या टाकल्या त्या दिवशी तुम्ही कुठे होता?"

"घरी. मुद्दाम."

"कंपनीच्या नोंदीप्रमाणे तुम्ही सकाळी सहाला खिंडीतून गेलात."

"शक्यच नाही."

"सहा वाजून एक मिनिटानेही गेलात. त्यानंतरच्या गाडीतही तुम्ही होता. त्यानंतरच्याही." त्यांनी चष्मा खाली घेतला. "त्या दिवशी नांदखिंडीतून गेलेल्या प्रत्येक गाडीत तुम्ही बसला होता. पंधरा दिवस तुम्ही तिथल्या प्रत्येक गाडीत आहात. तुमचा पास सगळ्या गाड्यांना जोडलेला आहे."

मला उलगडायला क्षणभर लागला.

निनादने यंत्रणा सुधारली नव्हती. ती सुधारायचे अधिकार त्याच्याकडे नव्हते, कंपनीने ते दिलेच नसते. त्याने फक्त मला प्रत्येक गाडीत बसवलं होतं. यंत्रणा ज्या एका बाईला बिचकून वागत होती, ती बाई त्याने तिच्या सगळ्या गाड्यांवर नेमली. मंगलबाईंनी माथ्यावर जाऊन घोंगडं हलवावं, तसं.

"हे फसवणुकीचं सरळ उदाहरण आहे," वकील म्हणाले. "आम्ही त्यांना आजच कामावरून कमी करतो आहोत. पास सगळ्या गाड्यांवरून काढलाही आहे."

"कधी काढला?" देवस्थळींनी विचारलं.

"परवा दुपारी."

"आणि त्यानंतर गाड्या माथ्यावरून कोणत्या वेगाने गेल्या? नळ्यांवरून नको. तुमच्याच नोंदीवरून सांगा."

वकिलांनी पानं चाळली. पलीकडे गाडी नसताना परवा दुपारपर्यंत ऐंशी, त्यानंतर एकशे अठरा. रस्ता तोच, गाड्या त्याच. फरक एवढाच, की दुपारनंतर मी त्यांत नव्हते. नळ्यांना त्यांनी उडवून लावलं असतं, स्वतःच्या नोंदीला कसं उडवणार?

बाहेर आल्यावर निनाद व्हरांड्यात बाकावर बसला होता. मी शेजारी बसले.

"मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तुला ते लिहून द्यावं लागलं असतं. तू लपवलं नसतंस." तो जमिनीकडे पाहत होता. "म्हटलं, निदान पुढचा काही मार्ग निघेपर्यंत त्या बाईची मेंढरं जातील-येतील. तू लिहून दिलंसच म्हणा."

"मला वाटलं तू मला फसवतोयस."

"हो. कळलं मला. तक्रार वाचली मी. नावाचं स्पेलिंगसुद्धा चुकवलं नाहीस."

तो पुढे म्हणाला, "आणि ताई, त्या रविवारी मी खोटं बोललो. माहीत नव्हतं असं नाही. आधी एकदा शंका आली होती. म्हटलं कोण उकरत बसेल, कुणाची तक्रार तर नाही. मग कुत्र्याचं कळलं." या वेळी त्याचे हात गुडघ्यांवर होते, स्वस्थ. त्याने काहीही पुसलं नाही.

मी आयुष्यभर एकच गोष्ट धरून बसले होते, की हा माझ्यासमोर चांगला वागतो आणि मागे काय करतो कोण जाणे. मागे त्याने जे केलं, त्याबद्दल मी त्याची नोकरी घालवली होती. मी त्याचा हात धरला. "चूक झाली माझी," मी म्हटलं. तो म्हणाला, "अर्धीच. अर्धी माझी."

प्रमाणपत्र मी नाकारलं, आणि दुसरा तपासनीस नेमला गेला नाही. आखूड कमानींचा नियम रद्द झाला. नांदखिंड काही महिने ऐंशीवर बांधून ठेवली, आणि गाड्या उशिरा पोचायला लागल्या तशी कंपनीला खडक फोडण्याची बुद्धी झाली. सुरुंगांचे आवाज पुढच्या गावापर्यंत जात. माथा खाली गेला, कमान लांब झाली, दोन्ही बाजूंना सरळ भिंती उभ्या राहिल्या. मंगलबाईंच्या हट्टाने नवी भुयारी वाट बरोबर त्यांच्या जुन्या वाटेवर काढली. मेंढरं खालून जातात. राखणीला नवं कुत्रं आलंय, त्याचं नाव त्यांनी फौजदार ठेवलंय.

निनादला वर्षभर कुणी नोकरी दिली नाही. आता तो एका कॉलेजात शिकवतो. त्याने कुठूनतरी एक जुनी गाडी मिळवली आहे, स्टिअरिंगची, मार्गमित्राला न जोडलेली. अशा गाड्यांना द्रुतमार्गाची कडेची मार्गिका मिळते. दिवाळीनंतर आम्ही तिच्यातून नांदखिंडीकडे निघालो.

माझ्या पर्समध्ये पंधरा सेंटिमीटरचा लाकडी ठोकळा होता. माथ्यापलीकडे ठेवून तो दिसतो का ते पाहायचं, ही आमची जुनी पद्धत. खिंड जवळ आली तसा मी तो बाहेर काढला.

"थांबायचं?" निनादने विचारलं. "ठेवून येतेस?"

चढ लागला होता. गाडी तो चालवत होता, दोन्ही हात चाकावर. मी ठोकळ्याकडे पाहिलं आणि तो परत पर्समध्ये टाकला.

"नको. चल."

उजवीकडे चाकामागे काटा हलत होता. मान थोडी वळवली असती तर दिसला असता. मी खिडकीबाहेर नवीन फोडलेला खडक पाहत बसले, आणि माथा ओलांडताना वेग किती होता, ते मी पाहिलं नाही.